मोजणीच्या दिवशी घरी कोण होतं?

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत सर्वेक्षणाची नवलाई कुणालाच राहिलेली नाही. अंगणवाडीची नोंदवही, रेशनकार्डाची पडताळणी, घरकुलाची यादी, कॉलेजच्या मुलांची प्रश्नावली, टॅब घेऊन आलेला एखाद्या संस्थेचा कार्यकर्ता. पाड्यावरच्या माणसांनी तीच उत्तरं कितीदा तरी दिलेली असतात. माहिती भरपूर गोळा होते. तिच्यावरून काय म्हणता येईल आणि काय म्हणता येणार नाही, हे ठरवताना आपण कमी पडतो. समाजशास्त्रीय संशोधनात नव्यानं येणाऱ्या वाचकाचं स्वागत मला या अडलेल्या जागीच करावंसं वाटतं.

कुपोषणाचंच घ्या. पावसाळा इथे तंगीचा. घरातलं धान्य संपत आलेलं, भातलावणीची घाई, मुलांना जुलाब आणि ताप. समजा, आषाढात अंगणवाडीत मुलांची मापं घेतली. दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरच्या खाली असलेली मुलं अतितीव्र कुपोषित म्हणून निवडली, ग्राम बाल विकास केंद्रात त्यांना जादा आहार दिला आणि कार्तिकात पुन्हा मोजलं. बहुतेकांची मापं सुधारलेली दिसतील. आहाराचा गुण आला असं म्हणावंसं वाटेल, आणि तो आलाही असेल. पण दरम्यान नवं भात घरात आलं, पाऊस थांबला, पोटाचे आजार ओसरले. शिवाय आपण निवडली ती सर्वांत खालच्या आकड्यांची मुलं. त्यातल्या काहींचा आकडा त्या दिवसापुरताच खाली गेलेला असतो. कुणाला आदल्या रात्री जुलाब झालेले, कुणाच्या दंडाला पट्टी जरा जास्तच आवळून धरलेली. अशांचं माप दुसऱ्या खेपेला काही न करताही सरासरीकडे सरकतं. फ्रान्सिस गॉल्टननं 1886 साली आईवडील आणि मुलांच्या उंचीत हेच सरकणं दाखवून दिलं होतं.

मग आहाराचा वाटा किती, हे कळायचं कसं? तसाच आहार न मिळालेली, पण तशाच स्थितीतली मुलं त्याच काळात कशी राहिली, ते पाहावं लागतं. भुकेलं मूल केवळ तुलनेसाठी तसंच ठेवणं मात्र मला कदापि मान्य नाही. केंद्रं एकदम सगळीकडे उघडता येत नसतील, तर आधी कुठल्या पाड्यावर उघडायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं आणि ज्यांची पाळी उशिरा आली त्यांच्याशी तुलना करावी. असा मार्ग काढणं हा संशोधनपद्धतीचाच भाग आहे.

हीच मापं पौषात घेतली तर अडचण निराळी. दिवाळी झाली की कातकरी आणि ठाकूर कुटुंबं उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. मुलंही बरोबर जातात आणि भट्टीवरच्या भोंग्यात, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतात. अशा वेळी अंगणवाडीतला कुपोषितांचा आकडा घसरला, तर मुलं सुधारली म्हणायची की गेली म्हणायची? जी घरं जातात ती बहुधा सर्वांत गरीब, म्हणून उरलेल्यांची सरासरी आपसूक चांगली दिसते. प्रत्येक मुलाचा नावानिशी माग ठेवला तरच या प्रश्नाला उत्तर मिळतं.

जनगणनाही यातून सुटत नाही. 2011 ची लोकसंख्या मोजणी 9 ते 28 फेब्रुवारीत झाली, ऐन भट्टीच्या हंगामात. त्या सगळ्या दिवसांत गावाबाहेर असलेलं कुटुंब जिथे सापडेल तिथे मोजायचं, असा नियम होता. म्हणजे पाड्याचा आकडा खोटा नसतो, तो फेब्रुवारीतल्या पाड्याचा असतो.

जिल्ह्याच्या आकड्यांत वेगळाच घोळ होतो. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि जव्हार-मोखाड्यासह आठ तालुके ठाण्यातून गेले. त्याआधीच्या ‘ठाणे जिल्ह्या’ची नंतरच्या ‘ठाणे जिल्ह्या’शी तुलना करून प्रगती झाली म्हणणं फसवं आहे; ज्यांची तुलना करायची ती माणसंच बदलली. आणि ठाणे, कल्याण, उल्हासनगरच्या लाखोंच्या वस्तीत मिसळलेली जिल्ह्याची सरासरी शहापूर तालुक्यातल्या डोळखांबच्या एखाद्या घराबद्दल जवळपास काहीच सांगत नाही.

आपल्याकडे या कामाची परंपरा आहे. हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरमध्ये घरोघर हिशेब विचारून केलेला अभ्यास 1917 साली छापला. धनंजयराव गाडगीळांनी गोखले संस्थेत, 1930 पासून, क्षेत्रपाहणीची शिस्त रुजवली. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिसांनी एकाच भागातले दोन स्वतंत्र नमुने वेगवेगळ्या पथकांना दिले. उत्तरांत जो फरक पडे, त्यावरून विचारणाऱ्याच्या हातून होणारी चूक मोजता येई. मला ही युक्ती फार मोलाची वाटते, आणि मुरबाडच्या दहा गावांतही ती सहज वापरता येते.

प्रश्न कसा विचारला, यावरही पुष्कळ अवलंबून असतं. भातसा आणि तानसा धरणांतून मुंबईला पाणी जातं, ती धरणं शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यात उन्हाळ्यात टँकर लागतात. इथे ‘नळ आहे का?’ हा प्रश्न पुरेसा नाही. 2019 साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनचं माप माणशी रोज 55 लिटरचं आहे. तेव्हा चैत्रात किती हंडे भरतात, किती वेळ थांबावं लागतं आणि पाणी आणायला कोण जातं, हे विचारावं लागेल. बरोबर ग्रामसेवक असेल तर जमीन आणि उत्पन्न कमी सांगितलं जाईल, घरकुलाची आशा असेल तर घराची पडझड जास्त. यात लबाडी शोधू नये. आजवरच्या अर्जांनी माणसांना जे शिकवलं, त्याला धरूनच ती बोलतात.

या पुस्तकाचं पहिलं प्रकरण नमुना निवडीचं आहे. ते वाचण्याआधी ओळखीच्या एखाद्या पाड्याची घरयादी स्वतः करून ठेवा आणि प्रत्येक नावापुढे तो माणूस कोणकोणत्या महिन्यांत तिथे असतो ते लिहा. पुढच्या प्रकरणांतली उदाहरणं त्या यादीवर ताडून पाहता येतील.