एका अक्षराचा आजार

मुसफ्फ्यातल्या मराठी मंडळींत कोणी नागपूर-गोंदियाकडचे असले, तर ‘सिकलसेल’ हा शब्द त्यांना सांगावा लागत नाही. त्याच्या जोडीला “आपल्याकडचा सौम्य असतो” असेही ऐकू येते. हा समज आला कुठून, ते पाहण्यासारखे आहे.

१९१० साली शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींची नोंद प्रसिद्ध केली. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे दाखवले. १९५६-५७ च्या सुमारास व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो नेमका पकडला. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन; म्हणजे जनुकात एकच अक्षर चुकलेले. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात चुकीची ओळ सापडली की निम्मे काम झाले. इथे मात्र कोडे तिथूनच सुरू झाले.

भारतात हा विकार १९५२ मध्ये नीलगिरीच्या आदिवासींत आढळला. पुढे इथल्याच आखाताच्या काठी, सौदीतल्या कतीफ आणि अल-हसाच्या परिसरात, बरेच रुग्ण आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा कमी त्रासात दिसले. चूक तीच, दुखणे वेगळे! १९८६ मध्ये कुलोझिक व सहकाऱ्यांनी या जनुकाच्या शेजारच्या खुणा तपासल्या, तेव्हा पूर्व सौदी आणि भारत यांचा नमुना एकच निघाला, आफ्रिकेतल्यांहून निराळा. या नमुन्यात गर्भावस्थेतले ‘हिमोग्लोबिन एफ’ मोठेपणीही बऱ्यापैकी टिकते आणि सदोष रेणूंची साखळी जमू देत नाही. (मूळ चूक एकदाच घडली की निरनिराळ्या ठिकाणी, हा वाद अजून आहे.)

‘सौम्य’ हे बिरूद इथून चिकटले. पण ते सरसकट लावणे मला धोक्याचे वाटते. दक्षिण गुजरातच्या आदिवासींत आल्फा थॅलेसेमियाही पुष्कळ आढळतो आणि तो त्रास आणखी कमी करतो. विदर्भात त्याचे प्रमाण कमी. नागपूरच्या रुग्णांच्या अभ्यासांत हाडांतल्या असह्य वेदना, वारंवार इस्पितळात भरती, रक्त चढवणे हे सगळे लहान मुलांतही दिसले आहे.

अमिरातीत लग्नापूर्वीच्या वैद्यकीय तपासणीत सिकलसेल आणि थॅलेसेमिया पाहतात. पण आपली लग्ने बहुधा गावी होतात, तेव्हा ही रक्तचाचणी आपली आपणच मागून घ्यावी लागते. वाहकाला स्वतःला सहसा काही होत नाही, त्यामुळे ते कळतही नाही. मात्र दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक.