अनाम देहांचे ऋण

शवविच्छेदनाच्या मेजावर कोणाचा देह असतो? इतिहासाने हा प्रश्न क्वचितच विचारला. १८३६ साली कलकत्त्यात पंडित मधुसूदन गुप्त यांनी शवाला सुरी लावली, तेव्हा विटाळाची रूढी मोडली. परंतु देह यावेत कोठून? १९४९ च्या मुंबई शरीरशास्त्र अधिनियमाने बेवारस प्रेते वैद्यकीय संस्थांना देण्याची तरतूद केली. ज्यांना विचारणारे कोणी नव्हते, त्यांच्या देहांवर डॉक्टरांच्या पिढ्या शिकल्या. त्यांची संमती कोणी घेतली नव्हती.

ख्रिस्तसभेविषयीही एक गैरसमज आहे. पोप बोनिफास आठवे यांनी १२९९ साली निषेध केला, तो मृतदेह उकळून अस्थी मायदेशी नेण्याच्या चालीचा. पुढे अनेकांनी ती शवविच्छेदनावरील बंदी मानली. वस्तुतः १३१५ च्या सुमारास बोलोन्यात मोंदिनो हे विद्यार्थ्यांसमक्ष शवविच्छेदन करीत होते.

स्वेच्छेच्या देहदानाने हा इतिहास पालटतो. बेवारसाची जागा दाता घेतो. मात्र प्रत्येक संकल्प सिद्धीस जातोच असे नाही. मिरजेत वैद्यक शिकलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी देहदान योजिले होते. २०१३ साली त्यांचा खून झाला, उत्तरीय तपासणी अटळ ठरली आणि देह अध्ययनास उपयुक्त उरला नाही.

आज कोल्हापुरातही वैद्यकीय महाविद्यालय आहे. ज्यांना दान द्यावयाचे आहे, त्यांनी प्रथम घरच्यांशी बोलावे. अखेरीस देह सुपूर्द करणारे हात त्यांचेच असतात. आणि दोन नोव्हेंबरच्या प्रार्थनेत, न विचारता घेतल्या गेलेल्या त्या अनाम देहांचेही स्मरण असावे.