कारवानी कुत्र्याचें मूळ व मुधोळचें नांव

दक्षिणेंतील शिकारी कुत्र्यांमध्यें जो उंच, सडपातळ व वाऱ्याच्या वेगानें धांवणारा कुत्रा प्रसिद्ध आहे, त्यास कोणी मुधोळ कुत्रा म्हणतात, कोणी कारवानी म्हणतात. नांवें दोन, प्राणी एक. पहिल्या नांवावरून वाचकांचा सहज असा समज होतो कीं, ही जात मुधोळच्या घोरपडे राजांनीं निर्माण केली. हा समज कितपत साधार आहे, हें प्रस्तुत लेखांत पाहावयाचें आहे. विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु एखाद्या वस्तूचें श्रेय दरबारास द्यावयाचें कीं रानोमाळ भटकणाऱ्या अनाम लोकांस, हा प्रश्न इतिहासांत क्षुल्लक नाहीं.

आरंभ आमच्या गोदातीरापासूनच करूं. नाशकावरून वाहत जाणाऱ्या गोदावरीस पुढें टोंक्याजवळ प्रवरा मिळते. या प्रवरेच्या कांठीं अहिल्यानगर जिल्ह्यांत दायमाबाद गांव आहे. तेथें १९७४ सालीं एका शेतकऱ्यास जमीन खणतांना चार धातुशिल्पें सांपडलीं. त्यांपैकीं एक दोन बैलांचा रथ आहे. रथाची लांबी सुमारें ४५ सेंटिमीटर असून सारथी उभा आहे, आणि रथाच्या दांडीवर एक लहानसा कुत्राहि उभा आहे. या शिल्पांच्या काळाविषयीं विद्वानांत मतभेद आहेत; कित्येक त्यांस चार हजार वर्षांइतकीं जुनीं मानतात. तेव्हां गोदावरीच्या खोऱ्यांत कुत्रा मनुष्याचा सोबती होऊन फार काळ लोटला, एवढें यावरून निर्विवाद ठरतें. मात्र तो कुत्रा कोणत्या जातीचा, हें धातूच्या त्या लहान आकृतीवरून सांगणें धाडसाचें होईल.

वाङ्मयीन पुरावाहि याच मर्यादेंत घ्यावा लागतो. रामायणांत केकयराज अश्वपतीनें भरतास दिलेल्या देणग्यांत राजवाड्यांत वाढविलेले, वाघासारखे बलवान् कुत्रे आहेत. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो कीं, बाबिलोनच्या इराणी सुभेदारानें हिंदुस्थानी कुत्रे इतके पाळले होते कीं, त्यांच्या अन्नासाठीं चार मोठीं गांवें लावून देऊन त्यांस इतर कर माफ केले होते. दक्षिणेपुरतें पाहिलें तर कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानें बाराव्या शतकांत रचलेल्या मानसोल्लासांत ‘सारमेयविनोद’ नांवाचें स्वतंत्र प्रकरण आहे व तेथें कुत्र्यांचा विचार त्यांच्या देशांवरून केलेला आढळतो. यावरून दख्खनच्या दरबारीं कुत्र्यांची पारख मुधोळच्या घोरपड्यांच्या पूर्वीं कित्येक शतकें चालू होती, हें सिद्ध होतें. आजची कारवानी जातच तेव्हां होती, असें मात्र सिद्ध होत नाहीं.

आतां प्रत्यक्ष प्राण्याकडे वळूं. लांब व निमुळतें तोंड, खोल छाती, आंत ओढलेलें पोट, बारीक पण चिवट पाय, आणि वासापेक्षां नजरेवर अधिक भिस्त, हीं या कुत्र्याचीं मुख्य लक्षणें. हींच लक्षणें अरबांच्या सलूकी व अफगाणांच्या ताझी कुत्र्यांत आढळतात. नांवाची साक्षहि तशीच आहे. ‘कारवान’ हा फारसी शब्द. त्याचा अर्थ प्रवासी व्यापाऱ्यांचा तांडा. या कुत्र्याच्या केसाळ प्रकारास ‘पश्मी’ म्हणतात; तोहि शब्द ‘पश्म’ म्हणजे लोंकर या फारसी शब्दापासून निघाला. जातीचें नांव फारसी आणि पोटभेदाचेंहि नांव फारसी, ही गोष्ट केवळ योगायोगाची म्हणतां येत नाहीं. अबुल फजल आपल्या आईन-इ-अकबरींत काबूल प्रांतांतून, विशेषतः हजारा लोकांच्या मुलखांतून, उत्तम कुत्रे येत असल्याचें सांगतो. बहामनी काळापासून अरबी व इराणी घोडे दाभोळ, चौल इत्यादि बंदरांतून दख्खनमध्यें येत होते. घोडे आणणाऱ्या तांड्यांबरोबर त्यांचे कुत्रेहि आले व येथील कुत्र्यांशीं मिसळून, येथील उन्हांत व माळांवर टिकून, ही जात घडली, असें आमचें अनुमान आहे. हें अनुमानच आहे, हें आम्ही विसरत नाहीं. परंतु रूप, नांव व व्यापाराचा मार्ग हीं तिन्ही एकाच दिशेस बोट दाखवितात.

मग मुधोळकरांचें श्रेय कोणतें? श्रीमंत मालोजीराव राजेसाहेब घोरपडे यांनीं आपल्या संस्थानांतील हे कुत्रे निवडून पाळले, त्यांची पैदास नीट चालविली, आणि बादशहा पांचवे जॉर्ज यांस एक जोडी भेट दिली, असें सांगतात. त्या भेटीमुळें मुधोळचें नांव सर्वत्र झालें. हें श्रेय लहान नाहीं. राजाश्रय नसता तर जातीची शुद्धता कदाचित् राहिली नसती. परंतु जतन करणें निराळें व निर्माण करणें निराळें. राजेसाहेबांनीं जे कुत्रे निवडले ते त्यांच्यापूर्वीं खेड्यापाड्यांतील शिकाऱ्यांनीं व भटक्या लोकांनीं सशाच्या मागें सोडून, निकामी ते टाकून व चपळ ते राखून तयार केले होते. त्यांपैकीं एकाचेंहि नांव कोठें लिहिलेलें नाहीं. साताऱ्याजवळ संगम माहुलीस शाहू महाराजांच्या कुत्र्याचें स्मारक कृष्णाकांठीं आजहि दाखवितात. राजाच्या कुत्र्यास दगड मिळतो. कुत्रा घडविणाऱ्यास तेवढाहि मिळत नाहीं.

हा प्रकार आपल्याकडेच घडला असें नाहीं. त्याचा शेवट काय होऊं शकतो, हें समजण्यास एका परदेशी कुत्र्याचा इतिहास पाहण्याजोगा आहे. उत्तर अमेरिकेच्या पूर्वेस न्यूफाउंडलंड नांवाचें बेट आहे. तेथील मोठा कुत्रा पाण्याचा मोठा शोकी. अंगावर दुहेरी, तेलकट केस, बोटांमध्यें पडदा, आणि वजन मनुष्याएवढें. तो मच्छीमारांचीं जाळीं ओढी व बुडत्यास कांठावर आणी. त्याच्या मुळाविषयीं अनेक कथा आहेत. कोणी त्याचा पूर्वज हजार वर्षांपूर्वींच्या नॉर्स दर्यावर्द्यांनीं आणला म्हणतात. कोणी तो तेथील मूळ रहिवाशांचा म्हणतात. अधिक संभवनीय मत हें कीं, सोळाव्या शतकापासून तेथें मासेमारीस जाणाऱ्या युरोपीय नाविकांच्या कुत्र्यांपासून तो झाला. त्या नाविकांत पोर्तुगीजहि होते. ज्या राष्ट्राशीं १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसईस झुंज दिली, त्याच राष्ट्राचे गरीब कोळी तिकडे मासे धरीत होते. पुढें १७७५ च्या सुमारास जॉर्ज कार्टराइटनें त्या कुत्र्यास बेटाचें नांव दिलें. १८३८ सालीं प्रदर्शित झालेल्या लँडसीयरच्या चित्रामुळें तो घराघरांत पोंचला, आणि त्याच्या पांढऱ्या-काळ्या प्रकारास चित्रकाराचेंच नांव मिळालें. कोळ्यांचीं नांवें येथेंहि गळालीं.

त्याच बेटावर कोळ्यांचा दुसरा, आटोपशीर बांध्याचा जलकुत्रा होता. सेंट जॉन्स हें त्याचें नांव. इंग्लंडांतील मामसबरी, बक्ल्यू वगैरे उमरावांनीं तो नेऊन वाढविला. त्यापासून आजचा लॅब्राडोर झाला व १९०३ सालीं तेथील केनेल क्लबानें त्यास मान्यता दिली. इकडे बेटावर मात्र १७८० सालींच गव्हर्नर एडवर्ड्सनें मेंढ्यांच्या रक्षणासाठीं प्रत्येक कुटुंबास एकच कुत्रा ठेवण्याचें बंधन घातलें होतें. पुढें कर व कायदे वाढत गेले. १९८० नंतरच्या दशकांत कोळ्यांची ती मूळ जात नामशेष झाली. उमरावांच्या घरची शाखा जगभर पसरली. ज्यांनीं ती घडविली त्यांच्या घरचें मूळ मात्र वाळून गेलें.

आमच्या मतें कारवानी कुत्र्याच्या इतिहासाचें खरें महत्त्व येथें आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकार बंद झाली. ती योग्यच झाली. परंतु ज्या कामासाठीं हा कुत्रा घडला तें काम संपलें. आज त्यास मान कमी नाहीं: २००५ सालीं त्याचें टपालाचें तिकीट निघालें, मुधोळजवळ तिम्मापूर येथें संशोधन-केंद्र झालें, आणि मेरठ येथें लष्करी कामासाठीं त्यास शिकवून पाहण्यांत आलें. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या दप्तरीं तो कारवान हाउंड आहे, टपालाच्या तिकिटावर मुधोळ हाउंड. नांवाचा हा वाद आम्हांस वेगळ्या अर्थानें मोलाचा वाटतो. मुधोळ हें नांव त्याचें आश्रयस्थान सांगतें. कारवानी हें नांव त्याचा रस्ता सांगतें. आश्रयस्थानाचा इतिहास लिहिला गेला, रस्त्याचा अद्याप व्हावयाचा आहे.

म्हणून आमची अभ्यासकांस विनंति आहे कीं, मोडी दप्तरांत शिकारखान्याच्या हिशेबांचे कागद हातीं लागल्यास कुत्र्यांच्या नोंदी क्षुल्लक म्हणून गाळूं नयेत. कोणता कुत्रा, कोणाकडून, कोणत्या गांवाहून व किती मोलानें आला, हें टिपून ठेवावें. त्याचप्रमाणें दख्खनच्या माळांवर ज्यांच्या घरीं हे कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, अशा वृद्धांकडून त्यांच्या निवडीचे व जोपासनेचे प्रघात लिहून घ्यावेत. कागद दप्तरांत आणखी शंभर वर्षें वाट पाहील; माणसें पाहणार नाहींत.