कारवीची घंटा

कुडाच्या घरात जो राहिला आहे त्याला कारवीची ओळख करून द्यावी लागत नाही. तिच्या सरळ काठ्या उभ्या बांधाव्यात, वर शेणमातीचा गिलावा द्यावा, की भिंत झाली. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांस गरिबांचे निवारे असेच उभे राहिले. परंतु त्या काठीला निळ्या-जांभळ्या घंटेसारखे फूल येते, हे दृश्य मनुष्याच्या वाट्यास आयुष्यात मोजक्याच वेळा येते. कारवी सात वर्षे नुसती पानांवर असते. आठव्या वर्षी पावसाळा सरता सरता सारा डोंगर एकदम फुलतो, बी धरतो आणि मरून जातो.

ग्रंथांतील तिचा इतिहास मात्र जावा बेटापासून सुरू होतो. तेथील वनस्पतींचे वर्णन करताना ब्लूम या शास्त्रज्ञाने १८२६ साली या प्रजातीस ‘स्ट्रोबिलँथस’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ शंकूसारखा फुलोरा. आपली कारवी १८३२ साली नीस या जर्मन पंडिताने त्यात दाखल केली. पुढे १९४४ साली ब्रेमेकँप या डच शास्त्रज्ञाने या मोठ्या प्रजातीचे अनेक तुकडे केले आणि कारवीच्या तुकड्यास ‘कार्व्हिया’ म्हटले. डोंगरातला आपला शब्द लॅटिन वेष घालून ग्रंथात जाऊन बसला! आता ते तुकडे पुन्हा जोडले गेले आहेत, आणि शास्त्राच्या दृष्टीने ते योग्यही असेल. पण मला आपले वाईट वाटते.

मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजातील फादर सांतापाव यांचे नाव येथे घेतलेच पाहिजे. स्पेनमधून आलेल्या या जेझुइट अध्यापकाने खंडाळ्याच्या वनस्पतींवरील आपला ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध केला. कारवीच्या सामूहिक फुलण्यावरही त्यांनी लिहिले. अशा झाडाचा अभ्यास एका सुट्टीत उरकत नाही. एक फुलोरा हुकला की पुन्हा आठ वर्षे थांबावे लागते.

नीलगिरीतील तिची बहीण नीलकुरिंजी बारा वर्षांनी फुलते. २००६ आणि २०१८ साली ती फुलली. मुन्नारकडील मुथुवन लोक तिच्या बहरांवरून वय मोजीत.

कारवीस दुसरी संधी नाही. फुलोऱ्याच्या वर्षी बोंडे तडकून बी पडण्याआधीच रान तोडले किंवा वणव्यात सापडले, तर त्या उतारावर पुढची पिढी उगवणार कशी? मुंबईजवळच्या डोंगरांत ती २००८, २०१६ आणि २०२४ साली फुलली. त्या हिशेबाने पुढची पाळी २०३२ ची. आज माझ्या सातवीच्या वर्गात बसणारी मुले तोवर शाळा सोडून गेलेली असतील; त्यांच्या वहीत मी ते साल आताच लिहवून घेतले आहे.