जगद्दलची दुरुस्ती

१९५८ साली आपल्या देशात प्रदर्शित झालेल्या दोन चित्रपटांत एकेका जुनाट शेव्हरोले मोटारीला मानाचे स्थान होते. त्यांपैकी 'चलती का नाम गाडी' बहुतेकांना आठवत असेल. अशोककुमार, अनूपकुमार व किशोरकुमार या भावांचे त्यातील गॅरेज आणि त्यांची १९२८ सालची शेव्हरोले यांनी प्रेक्षकांना पोट धरून हसवले. दुसरा चित्रपट बंगाली, ऋत्विक घटक यांचा 'अजांत्रिक'. आपण मराठीत 'अयांत्रिक' म्हणू. सुबोध घोष यांच्या कथेवरील या चित्रपटात बिमल नावाचा एकटा माणूस छोटानागपूरच्या पठारावर १९२० सालची शेव्हरोले टॅक्सी म्हणून चालवतो. तिचे नाव जगद्दल, म्हणजे जागचा न हलणारा जड धोंडा! गाडीच्या हालचालींना खास आवाज जोडून घटकांनी तिला एक पात्रच बनवले आहे.

तीस-अडतीस वर्षांच्या या गाड्या १९५८ साली रस्त्यावर का होत्या आणि कशा चालत होत्या, हे दोन प्रश्न आम्हांला महत्त्वाचे वाटतात.

पहिल्याचे उत्तर इतिहासात, आणि काही अंशी मुंबईत सापडते. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे परदेशातून आलेले भाग जुळवून शेव्हरोले गाड्या तयार करण्यास सुरुवात केली. स्वातंत्र्यानंतर देशातच गाड्या बनाव्यात असे धोरण ठरले. १९५३ साली, उत्पादनाची योजना नसलेल्या आणि केवळ जुळणी करणाऱ्या कंपन्यांनी काम आवरते घ्यावे असा निर्णय झाला, आणि १९५४ साली शिवडीतील जुळणी थांबली. देशी गाड्या मोजक्याच निघत. साहजिकच जुनी गाडी टाकून देणे परवडणारे नव्हते. ती एका हातातून दुसऱ्या हातात जाई आणि प्रत्येक मालक तिला दुरुस्त करून चालवी.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे. त्या काळच्या इंजिनांत फिरत्या दांड्याखाली 'व्हाइट मेटल'चे अस्तर असे. हा कथील, अँटिमनी आणि तांबे यांचा मिश्रधातू. तो दांड्याच्या पोलादापेक्षा मऊ असतो, म्हणून घर्षणात स्वतः झिजतो आणि दांडा वाचवतो. शिवाय सुमारे २४० अंश सेल्सियसपासून तो वितळू लागतो. त्यामुळे कारागीर साध्या भट्टीवर नवे अस्तर ओतून घेई. रेडिएटर तांब्या-पितळेचा. गळू लागला की कथील-शिशाचा डाख देऊन भोक बुजवता येई. बिडाचे सिलिंडर झिजून लांबट-गोल झाले की ते पुन्हा कापून गोल करायचे आणि किंचित मोठे दट्टे बसवायचे. कारखाना हजारो मैल दूर असला, तरी लेथ, भट्टी आणि जाणता हात एवढ्यावर गाडीचे भागत असे.

मग जगद्दल अखेर का थांबली? बिमल तिच्यावर सारी पुंजी खर्च करतो, तरी ती कोसळते आणि भंगारवाल्याकडे जाते. चित्रपट याचे तांत्रिक कारण देत नाही, पण आपण विचार करू शकतो. सिलिंडर दरवेळी कापला की त्याची भिंत पातळ होते, म्हणून हा उपाय ठरावीक वेळाच चालतो. पोलादावर लाखो वेळा ताण येऊन गेला की आत सूक्ष्म चिरा वाढतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत. एक भाग नवा बसवला, तरी शेजारचे भाग जुनेच राहतात आणि पुढचा घाव त्यांच्यावर पडतो. दुरुस्तीने आयुष्य वाढते, पण गाडी पुन्हा नवी होत नाही. बिमलला मान्य नव्हते ते नेमके हेच.

तरीही त्याला वेडा ठरवून मोकळे होणे आम्हांला पटत नाही. गाडीच्या आवाजावरून तिचे दुखणे ओळखणारा माणूस निरीक्षणच करत असतो. देशातील असंख्य मिस्त्रींनी अशाच निरीक्षणावर जुनी वाहने चालती ठेवली. त्यांचे ज्ञान पाठ्यपुस्तकात आले नाही आणि त्याला प्रमाणपत्रही मिळाले नाही. आता गाड्यांत इलेक्ट्रॉनिक्स आले आहे. अनेक भाग दुरुस्त न करता सरळ बदलले जातात. गाड्या अधिक भरवशाच्या झाल्या, हे खरेच. पण झाकण उघडून कारण शोधण्याची सवय मात्र आपल्या हातून निसटते आहे.

शिक्षकांना एवढेच सुचवावेसे वाटते की विद्यार्थ्यांना एकदा जवळच्या गॅरेजमध्ये न्यावे. झिजलेले बेअरिंग हातात द्यावे आणि विचारावे, हे मऊ का बनवले असेल? उत्तर मिस्त्रीलाच देऊ द्यावे.

चित्रपटाच्या शेवटी जगद्दल नाहीशी होते, पण तिचा भोंगा एका लहान मुलाच्या हाती लागतो. ते मूल तो वाजवत राहते आणि बिमलच्या चेहऱ्यावर हसू उमटते.