लाकूड, पोलाद आणि हात : टेनिसच्या रॅकेटची कुळकथा

गेल्या जून महिन्यातली गोष्ट. शाळा सुरू होऊन आठवडाही झाला नसेल. सातवीतल्या एका मुलीचे वडील माझ्या खोलीत आले आणि खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "सर, पोरीला टेनिसचं वेड लागलंय. रॅकेट घ्यायची आहे. टीव्हीवर ते मोठे खेळाडू वापरतात तीच घ्यावी म्हणतोय. वीस हजारांच्या घरात जाते, पण मुलीसाठी नाही करायचं तर कुणासाठी? तुम्ही पूर्वी खेळत होता असं कानावर आलं, म्हणून विचारायला आलो."

मी चहा सांगितला आणि दोन दिवसांची मुदत मागून घेतली. खरे तर उत्तर मला त्याच क्षणी ठाऊक होते. पण ते देण्यापूर्वी घरी जाऊन माळ्यावरची एक वस्तू खाली काढावी असे वाटले.

ती वस्तू म्हणजे डनलॉप मॅक्सप्लाय जातीची लाकडी रॅकेट. लाकडाच्या चौकोनी प्रेसमध्ये घालून चारही कोपऱ्यांचे स्क्रू आवळून ठेवलेली. १९८३ साली कॅम्पातले एक लष्करी अधिकारी बदली होऊन निघाले, तेव्हा त्यांच्या सामानाच्या विक्रीतून माझ्या वडिलांनी ती दोनशे रुपयांना घेतली, तीही दोन हप्त्यांत. वडील कचेरीत कारकून. टेनिस हा साहेबी खेळ. आम्ही पोरे क्लबाच्या कुंपणाबाहेर उभे राहून आत पाहायचो आणि बाहेर आलेले चेंडू परत फेकायचो. त्या कुंपणाच्या आत आपला मुलगा जावा, एवढीच त्यांची त्या दोनशे रुपयांमागची इच्छा होती.

आत गेल्यावर भेटले ते क्लबाचे मार्कर. नव्या खेळाडूंना चार फटके शिकवणारे, चुन्याच्या रेघा आखणारे, रॅकेटींना गटिंग करून देणारे हे कानडी गृहस्थ. आम्ही त्यांना मार्करमामा म्हणायचो. त्यांनी माझी रॅकेट हातात घेऊन तोलली, मूठ पाहिली आणि मान हलवली. मला रॅकेट धरायला सांगून माझी बोटे आणि अंगठ्याचा उंचवटा यांच्या मधल्या फटीत स्वतःची तर्जनी घालून दाखवली. एका बोटापुरती फट राहिली तर मूठ बरोबर. बोट शिरलेच नाही तर मूठ बारीक, आणि बोट शिरूनही जागा उरली तर मूठ जाड. माझ्या मुठीत त्यांची दोन बोटे सहज मावत होती. "कैगे केळो, तम्मा," ते म्हणाले. हाताला विचार, बाळा.

मी हाताला विचारले नाही. पुढची हकिकत शेवटी सांगतो. मी इतिहासाचा विद्यार्थी. दुखणे सांगण्याआधी त्याची वंशावळ सांगावी, ही सवय जात नाही.

या खेळाचा आरंभच मुळी हातापासून आहे. मध्ययुगीन फ्रान्समध्ये जो खेळ चाले त्याचे नाव 'जू द पोम', म्हणजे तळहाताचा खेळ. आधी उघडा हात, मग हातमोजा, मग लाकडी फळी आणि अखेर तात विणलेली रॅकेट, असा तो क्रम. सोळाव्या शतकाच्या अगदी आरंभी विंडसरच्या वाड्यात कॅस्टिलचा राजा फिलिप आणि डॉर्सेटचा मार्क्विस यांचा सामना झाला. राजा रॅकेट घेऊन खेळला, मार्क्विस नुसत्या हाताने. म्हणून राजाने त्याला पंधरा गुणांची सवलत दिली, अशी नोंद आहे. म्हणजे साधनाने माणसाला किती फायदा होतो, याचा हिशोब पाचशे वर्षांपूर्वीच मांडून झाला होता.

हिरवळीवरच्या आजच्या टेनिसला मात्र दीडशे वर्षेच झाली. मेजर वॉल्टर विंगफिल्ड याने १८७४ साली त्याचे पेटंट घेतले आणि जाळे, चेंडू व रॅकेटी खोक्यात भरून विकायला काढल्या. १८७५ साली फ्रान्समधल्या लियाँ शहरी बाबोला घराण्याने आतड्यापासून रॅकेटची तात बनवायला सुरुवात केली. तिला 'कॅटगट' म्हणत असले तरी मांजराचा तिच्याशी संबंध नव्हता. आतडे मेंढीचे, पुढे गाईगुरांचे. १८७७ साली विम्बल्डनची पहिली स्पर्धा झाली.

पुढची जवळजवळ नव्वद वर्षे रॅकेट म्हणजे लाकूड. प्रामुख्याने ॲश झाडाचे, वाफेवर वाकवलेले. पुढे एकाच पट्टीऐवजी पातळ पट्ट्या एकमेकींवर चिकटवून चौकट करू लागले. १९३१ साली बाजारात आलेली मॅक्सप्लाय याच पद्धतीची. वजन तेरा-चौदा औंस, म्हणजे पावणेचारशे ते चारशे ग्रॅम. तात विणलेला चेहरा जेमतेम पासष्ट-सत्तर चौरस इंच. आपल्याकडे या धंद्याचे माहेर स्यालकोट. १९४७ च्या फाळणीत तिथले कारागीर उठून जालंदर आणि मेरठला आले आणि तिथे त्यांनी पुन्हा हत्यारे मांडली. लोकांनी सीमा ओलांडली की कसबही ओलांडते, हे आम्हा सीमाभागातल्यांना वेगळे सांगायला नको.

लाकडाची एक खोड होती. हवेतला ओलावा लागला की चौकट वाकायची आणि तात ढिली पडायची. आमच्या बेळगावच्या पावसात तर विचारूच नका. म्हणून तो प्रेस. जून ते सप्टेंबर रॅकेट प्रेसमध्ये आणि प्रेस कपाटात.

या लाकडी जमान्यात आपली माणसे काय करत होती? १९३४ साली विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला म्हणजे लीला राव. तिची आई पंडिता क्षमा राव. या बाईंनी संस्कृतात सत्याग्रहावर काव्य लिहिले आणि त्या स्वतःही टेनिस खेळत. क्षमाबाईंचे वडील शंकर पांडुरंग पंडित, तुकारामबुवांच्या गाथेच्या संपादकांपैकी एक. गाथेच्या संपादकाची नात विम्बल्डनच्या हिरवळीवर! आमच्या मुलांना ही वंशावळ ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम लिहिले.

दुसरे उदाहरण शेजारच्या सांगलीचे. नंदू नाटेकर आरंभी टेनिस खेळत. १९५१-५२ च्या सुमारास कुमारांच्या राष्ट्रीय स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत पोहोचून ते रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरले आणि मग बॅडमिंटनकडे वळले. तिथे मात्र त्यांनी १९५६ साली क्वालालंपूरला आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवले. बॅडमिंटनमध्ये असे यश मिळवणारे ते पहिले भारतीय. कृष्णन विम्बल्डनच्या उपान्त्य फेरीत दोनदा गेले, १९६० आणि १९६१ मध्ये. एकाच जाळ्याच्या दोन बाजूंची दोन मुले आपापल्या हाताला साजेशी रॅकेट घेऊन मोठी झाली. नाटेकरांचे चिरंजीव गौरव यांनी पुन्हा टेनिसची रॅकेट उचलली आणि १९९४ च्या हिरोशिमा एशियाडमध्ये लिअँडर पेसच्या जोडीने दुहेरीचे सुवर्णपदक आणले.

लाकडाला पहिला धक्का दिला तो फ्रान्सचा जुना विजेता रेने लाकोस्त याने. पोलादी रॅकेटचे पेटंट त्याने घेतले. ती विल्सन कंपनीने १९६७ मध्ये 'टी-२०००' या नावाने बाजारात आणली. जिमी कॉनर्सने तीच वापरून १९७४ चे विम्बल्डन जिंकले. पण ती इतरांच्या हाती फारशी रुळली नाही. चेंडू कधी तोफेसारखा सुटे, कधी भलतीकडेच जाई.

खरी क्रांती केली ती एका सामान्य खेळाडूने. हॉवर्ड हेड हा अमेरिकन अभियंता. बर्फावर घसरायच्या धातूच्या पट्ट्या बनवून श्रीमंत झालेला. उतारवयात टेनिस शिकू लागला आणि त्याला ते काही जमेना. चेंडू मध्यावर न बसता कडेला लागला की रॅकेट मुठीत फिरते, हे त्याच्या ध्यानात आले. फिरण्याला होणारा विरोध रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे गणित त्याला येत होते. मग चौकट रुंद का करू नये? १९७६ साली त्याला पेटंट मिळाले आणि 'प्रिन्स' नावाची, एकशे दहा चौरस इंचांच्या आसपास चेहरा असलेली रॅकेट आली. लोक हसले. पण १९७८ साली पॅम श्रायव्हर ही सोळा वर्षांची मुलगी ती घेऊन अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचली, आणि हसणे थांबले.

मधल्या काळात आणखी एक चमत्कार घडला. वेर्नर फिशर या जर्मन गृहस्थाने दुहेरी तातांची, 'स्पॅगेटी' म्हणून ओळखली जाणारी रॅकेट काढली. तिने चेंडूला विलक्षण फिरकी मिळे. १९७७ च्या ऑक्टोबरमध्ये इली नास्तासेने ती घेऊन गिलेर्मो व्हिलासला दोन सेटमध्ये हरवले. सलग ४६ सामने जिंकत आलेला व्हिलास तिथेच खेळ सोडून निघून गेला. तेव्हा कुठे लक्षात आले की रॅकेट म्हणजे काय, याची नियमांत व्याख्याच नव्हती! १९७८ मध्ये ती केली गेली. पुढे मापांवरही मर्यादा आल्या. आज चौकटीची लांबी २९ इंचांपेक्षा आणि रुंदी साडेबारा इंचांपेक्षा जास्त चालत नाही.

मग आले ग्रॅफाइट, म्हणजे कार्बनचे धागे. लाकडाहून हलके आणि ताठ. १९८१ मध्ये मॅकेन्रो लाकडी रॅकेटने विम्बल्डन जिंकला. पुरुष एकेरीत तसे करणारा तो शेवटचा. १९८३ मध्ये फ्रेंच स्पर्धा यानिक नोआ लाकडाने जिंकला. चार मोठ्या स्पर्धांतला पुरुषांमधला तो लाकडाचा अखेरचा विजय. १९७६ ते १९८० अशी सलग पाच विम्बल्डन लाकडावर जिंकणारा बियाँ बोर्ग १९९१ साली निवृत्तीतून परतला तो लाकडी रॅकेट घेऊनच, आणि माँटे कार्लोला पहिल्याच सामन्यात हरला. जगाने १९८३ साली लाकूड खाली ठेवले. त्याच वर्षी माझ्या वडिलांनी ते माझ्या हातात दिले. त्यांना हे कसे ठाऊक असणार?

आता राहिलेली हकिकत. ती रॅकेट प्रौढ, धिप्पाड माणसाच्या हातची होती. मी तेरा वर्षांचा, काटकुळा. मूठ नीट आवळली जाईना म्हणून जास्त जोराने आवळायची. वजन पेलेना म्हणून खांद्याऐवजी कोपरातून झटका द्यायचा. मार्करमामांनी क्लबातली एक हलकी, जुनी रॅकेट देऊ केली होती. मी ती घेतली नाही. घरी काय सांगणार? दुसरा हप्ता अजून फिटायचा होता. दीड वर्षात कोपर असे धरले की पाण्याचा तांब्या उचलवेना. डॉक्टर म्हणाले, टेनिस एल्बो. पुढे वाचनात आले की हे दुखणे १८७३ साली रुंगे या जर्मन वैद्याने नोंदवले ते लेखणी चालवणाऱ्यांच्या हातात; टेनिसचे नाव त्याला १८८३ च्या सुमारास मिळाले. कारकुनाचा आजार कारकुनाच्या मुलाला खेळातून झाला!

मी खेळ सोडला. घरी सांगितले, दहावीचा अभ्यास आहे. वडिलांनी रॅकेट पुसून प्रेसमध्ये घातली आणि "पुढे खेळशील" म्हणाले. दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत ते स्क्रू सैल करून पुन्हा आवळत. २००९ साली ते गेले. त्यांची भेट मला पेलली नाही, हे मी त्यांना कधी सांगितले नाही. आणि मलाही कितीतरी वर्षे वाटत राहिले की माझ्यातच खेळ नव्हता.

तिसऱ्या दिवशी मी त्या पालकांना बोलावले आणि सांगितले ते असे. मोठ्या खेळाडूंची रॅकेट त्यांच्या मनगटासाठी असते. पीट सॅम्प्रस ८५ चौरस इंचांच्या रॅकेटने खेळला, कारण चेंडू दर वेळी मध्यावर घेण्याची त्याची तयारी होती. फेडररसारख्यानेही २०१४ मध्ये ९० वरून ९७ चौरस इंचांवर उडी घेतली. शिकणाऱ्या मुलीला शंभराच्या आसपासचा चेहरा बरा, म्हणजे चुकलेला फटकाही जाळ्यापलीकडे जातो. बारा वर्षांच्या मुलीला लांबी २६ इंच पुरते, उंची चांगली असेल तर २७. वजन अडीचशे ग्रॅमच्या आसपास. मूठ एका बोटाच्या फटीने मोजा. तात पॉलिएस्टरची नको. १९९७ साली कुएर्तेनने तसली तात लावून फ्रेंच स्पर्धा जिंकली आणि जग तिच्या मागे लागले, पण ती ताठ असते, कोवळ्या कोपराला सोसत नाही. साधी नायलॉनची मऊ तात लावा, आणि फार आवळू नका. अति ताठ चौकटही नको. फटक्याचा हादरा ती थेट हातात पोहोचवते.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं," मी म्हणालो, "विकत घेण्याआधी तिला खेळू द्या."

रविवारी सकाळी ते मुलीला घेऊन मैदानावर आले. ओळखीच्यांकडून मी तीन रॅकेटी उसन्या आणल्या होत्या. प्रत्येकीने पंधरा-पंधरा मिनिटे. पहिली भारी, महागडी. चौथ्या फटक्यालाच मुलीने डावा हात आधाराला लावला. दुसरी बरी. तिसरी साधी, वापरलेली, रंग उडालेली. ती हातात आल्यावर मुलगी चेंडूकडे पाहू लागली, रॅकेटकडे पाहायची थांबली. खेळ संपल्यावर तिने तीच पुढे केली.

वडिलांचा चेहरा उतरला. "सर, ही तर सगळ्यात स्वस्त. पोरीला वाटायचं, बाबांनी काटकसर केली." मग मुलगी पाणी प्यायला गेल्यावर मी त्यांना १९८३ ची गोष्ट सांगितली. घराबाहेर ती सांगण्याची माझी पहिलीच वेळ. ते ऐकून घेत होते. मुलगी परत आली तेव्हा त्यांनी तिला जवळ बोलावले आणि विचारले, "हात दुखतोय का गं कुठं? खरं सांग, बाबा रागावणार नाहीत."

"पहिलीनं दुखला थोडा," ती म्हणाली. "हिनं नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच मापाची नवी रॅकेट आणली. मूठ मोजायला मुलगी माझ्या खोलीत आली, तेव्हा मी तिच्या बोटांच्या फटीत माझी तर्जनी घालून पाहिली. बरोबर एक बोट.