कॉम्प्युटर फॉरमॅट करण्याआधी लायसन्स सोडवलं का? दोन-चार मशीनवर सॉफ्टवेअर टाकणाऱ्यांसाठी माहिती

पनवेल : तालुक्यातील सेवा केंद्रं, झेरॉक्स-टायपिंगची दुकानं, पतसंस्था आणि हिशेब लिहिणाऱ्यांकडे आता दोन-चार कॉम्प्युटर सहज असतात. मशीन बिघडलं की पनवेलला दुरुस्तीला जातं, फॉरमॅट होऊन येतं आणि मग सॉफ्टवेअर सांगतं, 'लायसन्स दुसरीकडे वापरात आहे.' पैसे भरूनही काम अडतं. जीएसटीची ११ किंवा २० तारीख तोंडावर असेल तर विलंब शुल्काचा फटका वेगळाच.

असं का होतं?

कोड टाकून अ‍ॅक्टिव्हेशन केलं की कंपनीच्या सर्व्हरवर त्या मशीनची नोंद होते. फॉरमॅट केल्याने तुमची हार्ड डिस्क पुसली जाते, सर्व्हरवरची नोंद नाही. म्हणून आधी लायसन्स सोडवायचं, मगच फॉरमॅट करायचं.

कोणत्या सॉफ्टवेअरला काय नियम?

- टॅली : 'सिल्व्हर' लायसन्स एका मशीनसाठी, 'गोल्ड' एकाच नेटवर्कवरच्या अनेक मशीनसाठी. मशीन बदलण्याआधी इंटरनेट चालू ठेवून लायसन्सच्या भागात 'सरेंडर' करा आणि नव्या मशीनवर त्याच सीरियल नंबरने चालू करा. लायसन्स नसेल तर टॅली एज्युकेशनल मोडमध्ये जातं. त्यात महिन्याच्या फक्त १, २ आणि ३१ तारखेच्या नोंदी करता येतात.
- विंडोज : की २५ अक्षर-अंकांची असते. मशीनसोबत आलेलं (ओईएम) विंडोज त्याच मशीनचं. वेगळं विकत घेतलेलं (रिटेल) दुसऱ्या मशीनवर नेता येतं, पण एका वेळी एकावरच.
- ऑफिस : एकदाच पैसे भरून घेतलेलं ऑफिस एका मशीनपुरतं. मायक्रोसॉफ्ट ३६५ फॅमिली सहा जणांना वापरता येतं.
- अँटिव्हायरस : पुण्याच्या क्विक हीलसह बहुतेक कंपन्या किती मशीनसाठी आणि किती दिवसांसाठी, हे पॅकवरच छापतात. काढून टाकण्याआधी प्रॉडक्ट की लिहून घ्या.
- डोंगल : काही मराठी डीटीपी सॉफ्टवेअरसोबत पेन ड्राइव्हसारखं कुलूप येतं. ते ज्या मशीनला लावाल तिथेच सॉफ्टवेअर चालतं. डोंगल बिलासारखंच जपा.

सगळ्यात मोठी चूक

घाईत दुरुस्तीवाल्याच्या ईमेलवर नोंदणी केली जाते. पुढे ओटीपी त्याच्याकडे जातो आणि लायसन्स सोडवायला त्यालाच शोधत बसावं लागतं. ईमेल आणि मोबाइल नंबर मालकाचा किंवा संस्थेचाच द्या. सचिव किंवा ऑपरेटर बदलला की तोही बदलून घ्या.

वहीत एवढं लिहून ठेवा

१. सॉफ्टवेअरचं नाव आणि सीरियल नंबर किंवा की
२. कोणत्या मशीनवर टाकलं, कोणत्या तारखेला
३. नोंदणीचा ईमेल आणि मोबाइल
४. किती मशीनची परवानगी, मुदत कधी संपते
५. बिल नंबर आणि विक्रेत्याचा फोन

वही कुलपात ठेवा. कोडचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. दुसऱ्याने तो वापरला तर तुमचंच सॉफ्टवेअर बंद पडू शकतं.

मशीन अचानक जळालं तर?

सोडवायला वेळच मिळत नाही. अशा वेळी बिल आणि नोंदणीचा ईमेल घेऊन विक्रेत्याशी किंवा कंपनीच्या मदत केंद्राशी बोला. मालकी पटली की जुनी नोंद काढून देण्याची सोय बहुतेक कंपन्यांकडे असते.

क्रॅक टाकलं तर?

कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ ब नुसार बेकायदा प्रत आहे हे माहीत असूनही कॉम्प्युटरवर वापरल्यास ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद टाळून ५० हजारांपर्यंत दंड करू शकतं. शिवाय क्रॅकसोबत व्हायरस येतो आणि ग्राहकांचे आधार, पॅन धोक्यात येतात.

पैसे नसतील तर लिबरऑफिस मोफत आहे. ते कितीही मशीनवर टाका, कोड लागत नाही. विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डही आधीपासून असतो, फक्त सेटिंगमधून चालू करावा लागतो.